कार्तिकी एकादशीची चक्कर: वऱ्हाडातल्या एका आजीचं प्रकरण

प्रकरण थोडक्यात असं. अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा-मोझरीच्या पट्ट्यातलं लहानसं गाव. आजींचं वय 72. नवरा जाऊन काही वर्षं झालेली. अडीच एकर कोरडवाहू शेती, दोन मुलं, एक मुलगी. बरीच वर्षं साखरेचा आजार, सोबत बीपी. 12 नोव्हेंबर 2024 ला कार्तिकी एकादशीची दिंडी गावातून फिरत होती. सकाळी साडेआठच्या सुमारास आजी विठ्ठल मंदिराच्या पायरीवर घेरी येऊन पडल्या. कपाळाला तीन टाके पडले. टाके निघायच्या आत घरात ठरलं, की उपास बंद, काकडा बंद आणि माय आता धाकट्याकडे पुण्याला. आजींनी एकच अट घातली, की मतदान करूनच निघीन. 20 तारखेला बोटाला शाई लावून घेतली आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेत बसल्या.

फेब्रुवारीत त्या परत आल्या. वजन उतरलेलं, साखर आधीपेक्षा वर, आणि एरवी अर्धं गाव बोलून मोकळं करणारी बाई विचारलं तेवढंच उत्तर देणारी झालेली. थोरल्या मुलानं आशाताईंमार्फत, म्हणजे गावातल्या आशा आरोग्यसेविकेमार्फत, आम्हाला गाठलं. त्याचा प्रश्न सरळ होता: "मायले इथं ठेवाव का तिथं?"

वृद्धांच्या घरी जाऊन काम करणाऱ्यांना हा प्रश्न नेहमी पडतो आणि बहुतेक वेळा आपण त्याचं उत्तर द्यायला बसतो. मला वाटतं, इथं आधी दोन वेगळेच प्रश्न सोडवायला हवे होते. आजी पडल्या कशानं? आणि पुण्यात त्यांचं नेमकं काय गेलं? ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नावं दिलेली नाहीत. तशीही गावात या वयाच्या बायांना नावानं हाक मारणारं फारसं कोणी उरलेलं नसतं.

घर

थोरला मुलगा आणि सून शेती करतात, हंगामात दुसऱ्याकडे मजुरीलाही जातात. नात बारावीत, नातू अमरावतीला आयटीआयला. धाकटा चाकणच्या कंपनीत कामाला, त्याची बायकोही नोकरी करते. मुलगी आर्वीकडे दिलेली. आजोबा गेल्यावर फेरफार झाला तेव्हा आजी, दोन्ही मुलं आणि मुलगी अशी चौघांची नावं सातबाऱ्यावर चढली. घरातल्या कोणाच्या बोलण्यात हे आलं नाही. आजींच्या मात्र पहिल्याच भेटीत आलं.

सुनेची बाजू आधी सांगते, कारण अशा प्रकरणांत ती शेवटी येते किंवा येतच नाही. सासूला दवाखान्यात नेणं, पथ्याचं वेगळं करणं, रात्री उठून पाहणं हे सगळं तिच्याकडे. ती म्हणाली, "आत्याबाई पडल्या तं बोल मले लागते. पुन्यावाले फोनवर विचारतात, तुमचं ध्यान कुठं होतं वहिनी. म्या का काकड्यात जाऊन हात धरून बसू?" तिचा राग सासूवर नव्हता. सासू-सुनेचं त्या घरात बरं चाललेलं आहे. म्हणजे मिठावरून, लोणच्याच्या बरणीवरून आणि कोठीच्या किल्लीवरून वाजतं, पण संध्याकाळी दोघी एकाच ताटात तुरीच्या शेंगा सोलत बसतात. सुनेला पुण्याचा बेत पटला, कारण तिला चार महिने तरी बोल खावा लागणार नव्हता. यात तिला दोष द्यावा असं मला काही दिसत नाही.

आजींचा दिवस

पडण्याआधीचा दिवस कसा जायचा हे आम्ही आजी, नात आणि शेजारीण यांच्याकडून वेगवेगळं विचारून लिहून घेतलं. एकीच्या सांगण्यातून सुटलेलं दुसरीच्या सांगण्यात सापडायचं.

पहाटे पाचला उठणं, कार्तिकात साडेचारला, कारण कोजागिरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत मंदिरात काकड आरती असते. सडा, तुळशीपाशी दिवा, मग चूल. घरात गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, जाळावर तापतं, आणि ती चूल आजींची. गॅस सुनेचा. ही वाटणी कोणी बसून केलेली नाही, पण ओलांडली की दोघींचं तोंड फुगतं. सकाळी ज्वारीच्या कण्या आणि ताक, नाहीतर रात्रीची भाकर. मग गोळ्या. साखर बंद झाल्यापासून चहाला आजी 'पानी' म्हणतात, तरी दोनदा घेतात.

नऊ वाजता सून शेतात गेली की घर आजींच्या ताब्यात. नळ सुटला की टाकी भरणं, शेळीला पाला, अंगणात वाळत घातलेल्या तुरीवर नजर, डाळ-तांदूळ निसणं, नात कॉलेजातून यायच्या वेळेला भाजी गरम करून ठेवणं. कापसाची वेचणी सुरू व्हायची असली की सीतादहीची पूजा त्याच करतात. दहीभात शेतात कुठं ठेवायचा, पहिली बोंडं कोणी वेचायची, हे त्यांच्यावाचून होत नाही. शेजारची दोन घरं वेचणीच्या दिवसांत किल्ल्या त्यांच्याकडे टाकून जातात. अंगणवाडीतून सुटलेलं एक पोट्टं तर आई येईपर्यंत त्यांच्याच सपरीत, म्हणजे पडवीत, झोपतं. हे सगळं आजींनी स्वतः 'काम' म्हणून सांगितलंच नाही. त्यांच्या मते त्या दिवसभर 'बसूनच' असतात.

दुपारी सपरीत मैत्रिणी जमतात. चौघी आहेत, आणि गावात त्या माहेरच्या गावावरून ओळखल्या जातात: नेरवाली, आर्वीवाली, कुऱ्ह्यावाली आणि यावलीवाली. मैत्री देवळातली नाही, निंदणातली आहे. तरुणपणी या सगळ्या एकाच टोळीत निंदायला आणि कापूस वेचायला जात. एका ओळीत बसून वर्षानुवर्षं गवत काढलेल्या बायकांना एकमेकींचं काय ठाऊक नसतं? देवाधर्मानं मात्र चौघी चार दिशांना. यावलीवालीचं माहेर तुकडोजी महाराजांच्या जन्मगावचं, हे ती कोणाला विसरू देत नाही. कुऱ्ह्यावाली महानुभाव, रिद्धपूरला जाते, दुसऱ्या देवाचा प्रसाद घेत नाही. दर गुरुवारी गजानन महाराजांच्या पोथीचा अध्याय लागतो तेव्हा ती सपरीत न बसता समोरच्या ओट्यावर बसून वाती वळते, आणि अध्याय संपला की आत येते. नेरवाली बौद्ध. तिचे वडील 1956 साली 14 ऑक्टोबरला नागपूरला होते, ही तिच्या घरातली सर्वांत मोठी गोष्ट. ती पौर्णिमेला विहारात जाते. आर्वीवालीला तेवढं वाचता येतं, म्हणून पोथी तिच्याकडे. 21 अध्याय संपले की पुन्हा पहिल्यापासून. चौघींत आर्वीवालीच 75 पार गेलेली, त्यामुळे 2022 पासून एसटी तिला फुकट, आणि तीच सगळ्यांत जास्त फिरते. बाकीच्या अर्ध्या तिकिटावर तिच्या मागून.

संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना. तुकडोजी महाराज 1968 साली गेले, पण मोझरीच्या गुरुकुंजाच्या भोवतालच्या कितीतरी गावांत ही प्रार्थना चालू आहे. इथं आठ-दहा माणसं असतात, बहुतेक म्हातारी, एक खंजिरी, एक माइक जो कधी चालतो, कधी चालत नाही. आजींना प्रार्थना तोंडपाठ आहे. मला या प्रार्थनेतली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी बसणारी माणसं आहेत, म्हणून कोण आलं नाही ते लगेच दिसतं. दोन संध्याकाळी जागा रिकामी राहिली की तिसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी दारात हजर: "काय वो, ताप गिप आला काय?" एकट्या म्हाताऱ्यांची रोज चौकशी व्हावी म्हणून शहरांत वेगळी सोय करावी लागते. इथं ती प्रार्थनेत आपोआप होते.

आणि पैसा. आजींना श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500 रुपये मिळतात. सुनेला लाडकी बहीणचे तेवढेच. आजी 65 च्या पुढच्या, म्हणून त्यांना ती योजना नाही. दोघींच्या खात्यात सारखे पैसे येऊ लागल्यापासून घरात थोडी थट्टा चालते, कोण कोणाला उसने देणार म्हणून. बँकमित्राकडे आजींबरोबर गेले होते. मशीनवर अंगठा उमटत नाही. इतकी वर्षं निंदण आणि शेणगोठा केल्यावर रेषा उरणार कुठून? बँकमित्र ओल्या फडक्यानं अंगठा पुसतो, पुन्हा टेकवतो, मग तर्जनी, मग डावा हात. डाव्या हाताच्या मधल्या बोटानं शेवटी पैसे निघाले. आजी त्या बोटाला 'कमावतं बोट' म्हणतात.

ते पैसे जातात कुठं, हे विचारलं तेव्हा यादी निघाली ती अशी: मैत्रिणींची भिशी, प्रार्थनेच्या अगरबत्तीची वर्गणी, नातीच्या मोबाइलचं रिचार्ज, कोणाच्या बारशाला झबलं, कोणाच्या लग्नात ब्लाउजपीस आणि वर अकरा रुपये, लेक आली की तिच्या पोरांच्या हातावर पन्नास-पन्नास, आणि तंबाखूची पुडी. पुडीचं सुनेला ठाऊक आहे, डॉक्टरांना नाही. या यादीत तंबाखू सोडली तर स्वतःसाठी एकही खर्च नाही. गोळ्या उपकेंद्रातून मिळतात आणि भाकर घरातली. दीड हजारांतला जवळजवळ प्रत्येक रुपया दुसऱ्याच्या हातावर ठेवण्यासाठी होता.

पडण्याचं कारण

दवाखान्याच्या कागदावर 'चक्कर, अशक्तपणा, उपवास' एवढंच लिहिलेलं. घरातल्यांनी त्याचा अर्थ लावला, की वय झालं, उपासानं जीव गेला असता, देवधर्म आवरा.

मला खटकलं ते असं. आजी गेली चाळीस-पन्नास वर्षं एकादशी करताहेत. महिन्याच्या दोन एकादशा, चार गुरुवार, एक संकष्टी, म्हणजे सात दिवस उपास. पूर्वी कधी पडल्या नाहीत. मग आताच काय झालं? गोळ्यांच्या पट्ट्या मागवल्या. पडण्याच्या चार-पाच महिने आधी तालुक्याच्या एका खासगी डॉक्टरनं साखर फार आहे म्हणून गोळी बदलली होती. नव्या गोळीत ग्लिमेपिराइड होतं. हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग पोटात अन्न असो वा नसो. जेवलं तर ठीक. नाही जेवलं तर रक्तातली साखर खाली जाते. 70 च्या खाली गेली की घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, आणि फारच उतरली तर शुद्ध हरपते.

आता एकादशीची सकाळ पाहा. दशमीला एकदाच, दुपारी जेवण. रात्री काही नाही. कार्तिकी एकादशी निर्जळ. पहाटे काकड्याला जाण्याआधी आजींनी गोळी घेतली, घोटभर पाण्याबरोबर. डॉक्टरनं 'गोळी एक दिवसही चुकवू नका' असं बजावलं होतं आणि आजी आज्ञाधारक. उपास करता का, असं त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. साडेतीन-चार तासांनी, दिंडीत चालून झाल्यावर, त्या पडल्या. दवाखान्यात आधी सलाईन लावलं आणि मग बाकीच्या तपासण्या झाल्या. तोवर आजी बोलायला लागल्या होत्या. सलाईनमध्ये ग्लुकोज असणार, असं मला वाटतं. तसं असेल तर ज्या गोष्टीची तपासणी व्हायला हवी होती ती उपचारानंच पुसून टाकली.

याला आधार दिला तो नेरवालीनं. तिला विचारलं, आजींना आधी कधी असं झालं होतं का? ती म्हणाली, दिवाळीच्या आधीपासून दर गुरुवारी दुपारी हिचं आंग घामानं भिजे, हात कापे. मग पोथीपुढची खडीसाखर तोंडात टाकली की पाच-दहा मिनिटांत बरी. आजींनी त्याचा अर्थ लावला होता, की महाराजांनी सांभाळलं. नेरवालीनं त्यांना तेव्हाच सुनावलं होतं: "महाराजायनं नाई वो, खडीसाखरेनं." दोघी त्यावर हसल्या आणि विषय तिथंच राहिला.

कोणत्याही कागदावर नसलेली ही नोंद मैत्रिणीच्या डोक्यात होती, वारासकट. घरच्यांना ती ठाऊक नव्हती, कारण गुरुवारी दुपारी घरचे शेतात. आपण वृद्धांची माहिती घेताना मुलगा-सून यांच्याशी बोलतो, फार तर नातवाशी. दुपारी सोबत कोण बसतं, हा प्रश्न आपल्या फॉर्ममध्ये नसतो. माझ्या मते तो पहिल्या पाचांत असावा.

पुण्यातले तीन महिने

धाकट्याच्या घरी आजींना काही कमी नव्हतं, हे आधी स्पष्ट करते. स्वतंत्र पलंग, गरम पाणी, वेळेवर गोळ्या, टीव्हीवर कीर्तन. सून सकाळी पोळी-भाजी करून कामावर जाई. उपास बंद. पहिल्या मजल्यावरचं घर, पण जिन्यावर पडतील म्हणून एकटीनं खाली जायचं नाही. पैसे कशाला लागतात म्हणून पासबुक गावीच राहिलं.

साखर वाढली याचं मोठं आश्चर्य नाही. चालणं संपलं. कण्या-भाकरीच्या जागी पोळी, भात आणि लेकाच्या मायेची बिस्किटं. भूक मरत गेली तशी जेवणं मागेपुढे झाली.

पण आजी बोलल्या त्या दुसऱ्याच गोष्टीबद्दल. "पोरगा मले सगळं दे. पन मी कोनाले काय देऊ? दारात कोनी येतच नाई." त्यांनी वाट काढायचा प्रयत्न केला होता. सोसायटीचा रखवालदार वाशीम जिल्ह्यातला निघाला. बोली ऐकून आजींनी ओळखला. मग रोज दुपारी त्याच्यासाठी एक भाकर आणि ठेचा फडक्यात बांधून गॅलरीतून खाली सोडणं सुरू झालं. आठवडाभर ते चाललं. मग वरच्या कोणीतरी हरकत घेतली, धाकट्या सुनेला दोन शब्द ऐकावे लागले, आणि तिनं सासूला हळूच सांगितलं, की आई, असं इथं चालत नाही. धाकटी सून वाईट बोलली नाही, हे आजींनी स्वतः दोनदा सांगितलं. त्यानंतर त्यांनी भाकरी थापणं सोडलं.

त्या काळात गावी काय काय झालं याची यादी आजींकडे तारखेसकट आहे. सोल्यांचे, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांचे, दिवस गेले. कुऱ्ह्यावालीच्या नातीचं लग्न झालं, त्यात आहेर गेला नाही. भिशी उचलायची पाळी आली ती दुसरीला गेली. आजींच्या सपरीत झोपणाऱ्या पोट्ट्याला त्याची आई शेतात न्यायला लागली. जानेवारीत हयातीच्या दाखल्याचा विषय निघाला. तो वेळेवर गेला नाही तर श्रावणबाळचे पैसे अडकतात. आजींनी तो धागा धरला, आणि दुसरा धागा गजानन महाराजांच्या प्रकटदिनाचा, जो 20 फेब्रुवारीला होता. या दोन कारणांपुढे धाकट्याचं काही चाललं नाही.

धाकट्यानं फोनवर मला विचारलं, "मॅडम, आमचं चुकलं काय?" त्याला मी सांगितलं तेच इथं लिहिते. त्यानं आईचं दुखणं ओळखून सोय केली होती. फक्त दुखणं ओळखण्यात गफलत झाली होती, आणि ती त्याच्या हातातली नव्हती. गोळी बदलायला हवी होती, गाव नव्हे.

काय केलं

पहिलं काम औषधाचं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तपासण्या करून गोळी बदलली आणि उपासाच्या दिवशी काय घ्यायचं, काय नाही हे वेगळ्या कागदावर लिहून दिलं. हे वाचून कोणी आपल्या आजीची गोळी मनानं बंद करू नये. प्रत्येकाचं औषध वेगळं, आणि साखर वाढूनही माणूस दवाखान्यात जातो.

दुसरं, उपासाचं. सुनेचा आग्रह सगळे बंद करण्याचा, आजींचा सगळे ठेवण्याचा. इथं आम्ही मध्ये पडलो नाही. मंडळाचे एक जुने गुरुजी आहेत, त्यांना यावलीवालीनं बोलावून आणलं. तुकडोजी महाराजांनी देह झिजवण्याला भक्ती म्हटलेलं नाही, हे गुरुजींनी त्यांच्या पद्धतीनं सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं आणि मग स्वतःच हिशेब मांडला: गुरुवार आणि संकष्टी सोडते, एकादशा दोन्ही धरते, निर्जळ मात्र नाही. साबुदाण्यानं साखर झपकन चढते म्हणून भगर, दही आणि भाजलेले दाणे. काकड्याला जायचं ते काहीतरी खाऊन. सात उपासांचे दोन झाले, आणि ते आजींनी केले. आम्ही सांगून एकही सुटला नसता, असं माझं मत आहे.

तिसरं मैत्रिणींचं. घाम, थरथर, बडबड सुरू झाली तर काय करायचं हे आशाताईंनी चौघींना सपरीत बसवून शिकवलं. शुद्धीत असेल तर लगेच साखर किंवा गूळ, पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा, आणि बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता गाडी बोलवायची. आजींच्या चंचीला नातीनं आतून एक कप्पा शिवून दिला. एकीकडे तंबाखू-चुना, दुसरीकडे खडीसाखर. तंबाखूचं काही जमलेलं नाही. कुऱ्ह्यावालीनं विचारलं, ही साखर देवापुढची तर नाही ना, हिला भरवताना माझ्या हाताला लागंन. दुकानातून थेट आणलेली आहे, असं तिला दाखवून दिलं.

चौथं घरचं, आणि सगळ्यांत जास्त वेळ यातच गेला. मुलांच्या मनात म्हाताऱ्यांच्या पाळ्या होत्या: चार महिने इकडे, चार तिकडे, उरलेले लेकीकडे. वऱ्हाडात हा रिवाज चांगलाच रुळलेला आहे. त्यात ताटाची वाटणी होते, पण आजींच्या दिवसाची कशी करणार? प्रार्थना, भिशी, पोथी, किल्ल्या यातलं काहीच बॅगेत भरता येत नाही. बराच ऊहापोह झाल्यावर ठरलं, की आजी गावीच राहतील. अक्षय्य तृतीया झाली की नातीच्या सुट्टीत दोघी पुण्याला तीन आठवडे जातील, आणि त्या वेळी थोरली सून माहेरी. म्हणजे तिलाही हक्काची सुट्टी.

धाकट्यानं महिन्याला काही पैसे पाठवायचं कबूल केलं. कोणाच्या खात्यात, यावर भाऊ-भाऊ अडले. थोरल्याचं म्हणणं माझ्या, धाकट्याचं म्हणणं मायच्या. मी सुनेच्या खात्याचा आग्रह धरला, कारण रात्री उठणारी ती. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा मुलांवर जबाबदारी टाकतो, पण सुनेच्या जागरणाचा हिशेब कोणताच कायदा धरत नाही. थोरला दोन दिवस गप्प होता, मग हो म्हणाला. आजींचे दीड हजार कोणी विचारायचे नाहीत, हेही त्याच बैठकीत ठरलं, आणि ते सुनेनंच बोलून दाखवलं.

मे महिन्यात आजी पुण्याला गेल्या त्या कुरड्या, सरगुंडे, मूगवड्या आणि मिरच्यांचं पोतडं घेऊन. सोसायटीत कोणाकोणाकडे वाटप झालं याचा अहवाल नातीनं दिला. ज्यांनी भाकरीवर हरकत घेतली होती त्यांच्या घरीही कुरड्या पोचल्या. रखवालदार मात्र बदललेला होता.

अजून न सुटलेलं

जुलैतल्या आषाढी एकादशीला आजींनी घरी न सांगता निर्जळ धरला. दुपारी हात कापायला लागले, नेरवालीनं गूळ भरवला आणि संध्याकाळी सुनेला सांगून टाकलं. त्यावरून मैत्रिणींत चार दिवस अबोला होता. ही चुगली सांगायची की नाही, यावर चौघींचं अजून एकमत नाही. मला वाटतं नेरवालीनं बरोबर केलं, पण पुढच्या वेळी आजी तिच्यासमोर हात लपवतील अशीही शक्यता आहे.

धाकट्याच्या मनातली धाकधूक गेलेली नाही. रात्री-बेरात्री काही झालं तर तालुक्याला न्यायला गाडी कोणाची, हा त्याचा प्रश्न खरा आहे आणि त्याला गावाकडे पक्कं उत्तर नाही. सातबाऱ्याचा विषय कोणी काढलेला नाही. लेक हक्कसोड करणार का, अशी कुजबुज आहे. आजी म्हणतात, मी हाय तोवर कोनी काही सोडाचं नाई.

सगळ्यांत जवळचा प्रश्न गोळ्यांचा. उपासाच्या दिवसाचा कागद आणि पट्ट्यांवरची नावं नात वाचते, आणि ती बारावी झाली की अमरावतीला जाईल. सुनेला देवनागरी येतं, पट्टीवरची इंग्रजी नावं नाही. म्हणून नातीनं लाल आणि पिवळ्या कापडाच्या दोन थैल्या शिवल्या आहेत, लाल रोजची, पिवळी एकादशीची. दर महिन्याला उपकेंद्रातून आणलेल्या गोळ्या त्यांत भरायचं काम आशाताईंनी घेतलंय. त्यांनी काम सोडलं तर हे कोणी करायचं, ते ठरवण्यासाठी दिवाळीनंतर पुन्हा बसायचं आहे.